झोयाचा ग

प्रार्थना संपली आणि प्रणालीबाईंनी नळ्या मोजल्या. सात.

"आठवी कुठाय?"

"झोयाकडं," गणराज म्हणाला. "तिचा मामू दुबईवरनं येतोय ना. सगळं घर रातीच विमानतळावर गेलंय, दोन गाड्या करून. नळी पण गेली. मामूला दाखवायला."

बाईंनी कपाळाला हात लावला. रेवदंड्यातल्या त्यांच्या शाळेला एका संस्थेनं महिनाभरासाठी हा चाइमचा संच दिला होता. हातभर नळी, झटका दिला की एकच सूर. आठ मुलं, आठ सूर. आज संस्थेच्या रुचिता मॅडम ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर संच शाळेचा, नाहीतर परत. आणि बाईंनीच बसवलेल्या स्वागताच्या चालीत झोयाचा 'ग' अकरा वेळा!

त्यांनी फोन लावला.

"बाई, मामू आले!" झोया ओरडली. "पण वडखळला ट्रॅफिकमधी अडकलोय."

"नळी?"

"हातातच हाय."

फाटकाशी मॅडमची गाडी थांबली. बाईंनी फोन स्पीकरवर टाकून माइकला लावला. "मी 'हूं' म्हटलं की झटका दे."

सा. रे. "हूं." शांतता. गणराजनं 'म'ची नळी उचलून तशीच धरलेली.

"वाजव की पुढं!" बाई दातओठ खात पुटपुटल्या.

"ग झाल्यावर म. तुम्हीच सांगितलाव, मधी घुसायचं न्हाय."

मग फोनमधून टणण्. मागोमाग ट्रकचा हॉर्न आणि मामूचा आवाज, "माशाल्ला! अजून एक वाजव बेटा!" तिनं वाजवला. गणराजनंही इमानानं दुसरा 'म' दिला. दीड मिनिटाची चाल नऊ मिनिटं चालली. बाईंनी मॅडमकडं बघणंच सोडून दिलं.

रुचिता मॅडम उठल्या. "गैरहजर मुलीलासुद्धा सामील करून घेतलंत! आम्हाला हे सुचलंच नव्हतं. संच तुमचा. पुढच्या महिन्यात अलिबागच्या मेळाव्यात हेच करा. अगदी असंच, फोनसकट."

दुसऱ्या दिवशी झोया नवंकोरं घड्याळ घालून आली. बाईंनी तिला जवळ घेतलं. "अलिबागला तू मांडवामागं उभं राहायचंस, फोनवरनं वाजवायचंस. आणि कालच्यासारखंच उशिरा."

झोयाचे डोळे भरले. "उशिरा? फोनमधी तुमचा हूंच उशिरा यायचा. आला की लगेच वाजवत होते मी. मला वाटलं, तुम्हीच चुकताय. पण मामूसमोर बाईंची चूक कशी काढू, म्हणून गप बसले."