आबांची घडीची सायकल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीच्या पुढे शाळा झाली नाही. बोलायलाही मला फारसं येत नाही. चार माणसं जमली की मी मागं जाऊन बसते. पण किसनआबांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या वाडीत दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

आबा माझे शेजारी. धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका साहेबांचा बंगला आहे, तिथं आम्ही दोघं कामाला. आबा बाग बघतात, मी घर.

मोबाइल घ्यायच्या आधी कितीतरी महिने आबा सदऱ्याच्या खिशात साबणाची वडी घेऊन फिरत होते. झाडांना पाणी घालता घालता मधेच ती काढायची, कानाला लावायची, परत खिशात. मी धीर करून विचारलं, "आबा, हे काय?"

"वागवून बघतुया. खिसा वडतोय का, वाकल्यावर पडतंय का. फोन घेतल्यावर कळून काय उपेग?"

पुढे एका पावसात ते भिजत घरी आले तेव्हा छातीभर फेस झाला होता. सगळी वाडी हसली. आबा शांतपणे म्हणाले, "बघा. फोन असता तर बुडाला असता."

शेळी घ्यायचं मनात आलं तेव्हा त्यांनी दारात खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि रोज संध्याकाळी त्या दोरीपुढं पाला टाकायला लागले. दुसऱ्यांच्या शेळ्या येऊन खाऊन जायच्या. शेवटी आबांनी खुंटी उपटली. "पाला आणून आणून वैताग आला. बरं झालं, घेतली न्हाई."

होडीवाला गणपत मोठा टवाळ. त्यानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, लग्नाच्या आदी काय वागवून बघितलं व्हतं?"

माणसं हसायला लागली. आबाही हसले. "तवा कुनी येळच दिला न्हाई," ते म्हणाले. "आन ती बी थांबली न्हाई." मग उठून गेले. आबांची बायको लग्नानंतर लवकरच, बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. गणपतच्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्याला कुणी सांगितली नव्हती.

तर सायकल.

साहेबांनी गाडीच्या डिकीतून एक सायकल काढली. घडी घातलेली. दोन खटके उघडले, दांडा वर ओढला, आणि लहान चाकांची पूर्ण सायकल उभी राहिली. आबांच्या हातातून पाण्याची नळी सुटली आणि माझ्या धुतलेल्या ओसरीवर चिखल झाला. साहेब चार दिवस ती चालवत हिंडले, नंतर सायकल सामानाच्या खोलीत जाऊन बसली. आबा रोज एकदा खोलीचं दार उघडून तिच्याकडे बघायचे आणि दार लावायचे.

साहेबांच्या लक्षात आलं. "काका, ॲक्च्युअली ती पडूनच आहे. घेऊन जा ना तुम्ही."

"फुकट न्हाई साहेब. उद्या मोडली तर तुमाला बोलता आलं पायजे."

"बरं, मग अर्ध्या किमतीत घ्या."

"इचार करतो," आबा म्हणाले.

त्यांना घडीचीच सायकल का हवी होती, ते मला माहीत होतं. आबांची थोरली बहीण, जनाआक्का, पाण्याच्या पलीकडच्या वाडीत एकटी राहायची. आई गेल्यावर तिनंच आबांना वाढवलं. पलीकडे जायला गणपतची होडी. उतरल्यावर पाण्याच्या कडेनं लांबचा कच्चा रस्ता आणि शेवटी चढ. आबांचा गुडघा गेल्यापासून ते चालणं त्यांना होईना. साधी सायकल गणपत होडीत घेत नाही. मागं एकदा कुणाच्या सायकलीचा हँडल एका बाईच्या लुगड्यात अडकून होडी उलटायला आली होती. जीपनं वळसा घालून जावं तर सगळा दिवस जातो. आक्काला फोनवर ऐकू यायचं नाही. आणि म्हैस सोडून ती इकडे यायची नाही.

पण आबांना आधी वागवून बघायचं होतं. त्यांनी साहेबांच्या सामान तोलायच्या ताणकाट्यावर सायकल तोलली, तेवढ्याच वजनाच्या विटा गोणीत भरल्या, आणि ती गोणी पाठीवर घेऊन घर ते बंगला, बंगला ते घर करायला लागले. दिवाळी आली, गेली. गुडघा आणखी सुजला.

"आबा, ज्या गुडघ्यासाठी सायकल घ्यायची, तो विटांनी मोडतोय."

"सायकल आल्यावर बरा हुईल की!"

"मग घ्या ना."

"इचार चालू हाय पोरी. घाई न्हाई."

रविवारी ते गोणी घेऊन होडीत बसायचे. होडीत वजन कसं बसतं ते बघायला, असं सांगायचे. पलीकडे उतरायचे, गोणी बाजूला ठेवून दगडावर बसायचे आणि त्याच होडीनं परत. मलाही वाटायचं, एकदा बघितलं, झालं की. दर रविवारी काय बघायचं?

शेवटी गणपतनंच मला सांगितलं. मी किराणा आणायला होडीनं चालले होते. तो वल्हं मारता मारता म्हणाला, "वहिनी, तुमचे आबा वजनबिजन काय बघत न्हाईत. त्या दगडावरनं आक्काच्या घराचा धूर दिसतो. सकाळचा धूर निघाला की म्हणत्यात, पेटली चूल, चल गणपत."  टवाळी न करता त्याला बोलताना मी तेव्हाच पाहिलं.

हिवाळ्यातल्या एका रविवारी धूर निघाला नाही.

आबांनी वाट बघितली. गणपतनं एक खेप केली, दुसरी केली. धूर नाही. आबांनी गोणी तिथंच टाकली आणि चालायला लागले. गणपत ओरडला, "आबा, गुडघा!" त्यांनी मागं बघितलं नाही. बसत, उठत, झाडाला धरत, चढावर तर हातांनी रांगत, ते दुपार कलल्यावर आक्काच्या दारात पोचले.

आक्का ओसरीवर भाकरी खात बसली होती.

पुढचं आबांनीच मला सांगितलं, मी त्यांचा गुडघा शेकत असताना.

"म्हनली, कोन हाय? म्हनलं, किसन. म्हनली, किसन कशाला येतोय, त्याचा इचार चालू हाय."

"मग?"

"म्हनलं, आक्के, चूल का पेटवली न्हाईस? तर म्हनती, गॅस आलाय मला. कान पिळला की पेटतो. धूर कुटून येईल रं, खुळ्या?"

आबा सांगता सांगता हसायला लागले. हसता हसता त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. मी शेकायचं फडकं गरम करत राहिले.

टॉवेल काढून म्हणाले, "आता हितनं कायच दिसायचं न्हाई. सायकल घेऊ."

वागवून बघणं अर्ध्यात सोडून त्यांनी ठरवलेली ही पहिलीच गोष्ट.

पैशाचा प्रश्न होता. साहेबांकडे उधारी ठेवायला आबा तयार नव्हते. "पगार देनारा त्योच, पैशे घेनारा बी त्योच. मग कोन कुनाचं देनं लागतं, ते कळायचं न्हाई." आमच्या बायकांच्या बचत गटातून कर्ज मिळतं, पण फक्त सभासदाला. म्हणजे मला.

गटात मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी उभी राहिले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "कशाला पायजे कर्ज?"

"सायकल घ्यायची आहे."

एकदम हशा. "अगं बाई, ह्या वयात? नवरा बसनार का पुढं?" "चड्डी बी घेऊन टाक गं, त्या शहरवाल्या बायकांवानी!" खाली बसावं वाटलं. पण बसले नाही. म्हटलं, "आबांना बहिणीकडे जायचंय." अध्यक्षबाईंनी वही ओढली आणि माझ्या नावावर कर्ज लिहिलं.

सायकल आली. आबा घडी घालून होडीत बसायचे आणि पलीकडे उतरून ती उघडायचे. सपाटीला बसायचे, चढाला तिच्यावर भार देऊन चालायचे. "चढाला मी तिला नेतो, उताराला ती मला." आक्कानं म्हणे सायकलीवर हात फिरवून विचारलं, "येवढी बारकी चाकं? लहान पोराची फसवून दिली का रं?" आणि आबा निघाले की ती दर वेळी सायीच्या दह्याची बाटली हँडलला बांधायची. परतीच्या वाटेवर दही हिंदकळून लोणी यायचं. आबा ते लोणी मला आणून द्यायचे.

पावसाळा संपता संपता आक्का गेली. झोपेतच. आबा आदल्याच रविवारी जाऊन आले होते.

दहाव्या-तेराव्यानंतर आबांनी सायकल घडी घालून माजघरात ठेवली. पुन्हा उघडली नाही. गटातल्या बायका म्हणाल्या, "साहेबाला परत द्या आबा, राह्यलेलं कर्ज तरी फिटंल." साहेब घ्यायला तयारही होते. आबांनी मान हलवली.

"वापरत तर न्हाई तुमी," मी म्हटलं.

"म्हनून काय झालं? हप्ता हाय ना अजून. तवर ती आक्काकडं जायचीच सायकल हाय."



पगार झाला की आबा धुतलेला सदरा घालून माझ्या दारात यायचे. हप्ता हातात द्यायचे, आणि मग बसून आक्काचं काहीतरी सांगायचे. ती म्हशीशी कशी भांडायची. लहानपणी ताप आला तर पाठुंगळीला घेऊन ती त्यांना वैद्याकडे कशी न्यायची. एरवी ते तिचं नावही घेत नसत.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता होता. मी नोटा घेतल्या आणि म्हटलं, "झालं आबा. सगळे फिटले."

ते उंबऱ्याशी उभे राहिले. बसले नाहीत.

"नीट बघितलंस?"

"हो."

"व्याजाचं काय ऱ्हायलं असंल. इचारून बघ गटात."

"विचारलं आबा. काही राहिलं नाही."

"थोडं बी न्हाई?"

मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "नाही आबा. सगळे फिटले."