पार्वताबाईंची बाज आणि माझं मलावी

माणसांशी कसं बोलावं हे मला कोणी शिकवू नये, हे आधीच सांगून ठेवतो! मी डॉक्टर श्याम वानखडे. भातकुलीत चौदा वर्षं दवाखाना चालवतोय. पेशंट पायरी चढतो तेव्हाच मला त्याचं पोट कळतं. त्यामुळे अमरावतीत फॅमिली डॉक्टरांसाठी जागतिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा मी नाव दिलं ते काही शिकायला नाही. आम्हा बावीस जणांतून एकाला दीड महिना आफ्रिकेत, मलावीला पाठवणार होते. तिथल्या खेड्यांतले दवाखाने पाहायला, तिथल्या डॉक्टरांसोबत काम करायला. तो एक म्हणजे मीच, हे मी निम्म्या भातकुलीला सांगूनही टाकलं होतं.

शेवटची परीक्षा होती गृहभेटीची. पुण्याहून परीक्षक म्हणून प्रियदर्शनी मॅडम येणार, सोबत तीन डॉक्टर, आणि मी पेशंटच्या घरी जाऊन कसा बोलतो ते पाहणार. मी जवळच्याच गावातल्या पार्वताबाई निवडल्या. वय साठ, बीपी आणि शुगर दोन्ही, पण गोळ्यांना एकदम पक्क्या! आदल्या दिवशी जाऊन मी सगळी तयारी करून घेतली.

"मावशी, उद्या शेतात जाचं नाही. सकाळपासून बाजेवर पडून राहाचं. धुतलेलं लुगडं नेसा."

"वेचणी टाकून? काहून बाप्पा? मी तं चांगली हाये!"

"पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या तुमाले पाहाले. मी म्हणतो तोवर उठाचं नाही."

मग त्यांच्या नवऱ्याला, रामरावांना बाजूला घेतलं. "काका, गावात कोणाले काही सांगू नका. उगाच गर्दी होते."

"नाई सांगत," रामराव म्हणाले. फार कमी बोलणारा आणि दिलेला शब्द पाळणारा माणूस! गावची आशा कार्यकर्ती दीपमाला, तिला तर मी मुद्दामच कळवलं नाही. ती आली की पेशंट माझ्याकडे बघतच नाहीत, हा माझा जुना अनुभव.

आता विचार करा! नोव्हेंबर महिना, कापसाची वेचणी ऐन भरात. त्या दिवसांत आमच्याकडची बाई अंगात ताप असला तरी ओटी बांधून शेतात उभी असते. आणि इथे पार्वताबाई सकाळी आठ वाजता, धुतलेलं लुगडं नेसून, बाजेवर उताण्या! शेजारच्या कौशल्याबाईंनी कुडावरून पाहिलं आणि त्या धावतच रामरावांकडे गेल्या. हे संभाषण मला नंतर कळलं.

"भाऊजी, काय झालं बाईले?"

"डॉक्टरनं सांगू नोका म्हटलं."

"माय वं! इतलं वाईट हाये?"

रामरावांनी शब्द दिलेला. ते गप्प बसून राहिले.

तेवढ्यात बाजेवरून पार्वताबाईच म्हणाल्या, "पुण्याची मोठी डॉक्टरीण येऊन राहिली वं मले पाहाले." झालं! पुण्याची डॉक्टरीण घरी येते म्हणजे काय उरलं? कौशल्याबाईंनी चांदूर रेल्वेला पार्वताबाईंच्या भावाला, सहदेवला फोन लावला. मग उरलेल्या गावाला सांगितलं. वेचणी थांबली.

अकरा वाजता आमची गाडी पोचली, तर अंगणात साठ माणसं! बाहेर चपलांचा ढीग.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, "इतके लोक कसे काय?"

आता मला तरी काय माहीत! पण मलावी डोळ्यांपुढे होतं ना. "समाजाचा सहभाग, मॅडम! दोन महिने मेहनत घेतोय मी." मागच्या डॉक्टरनं ते वहीत लिहूनही घेतलं.

आत गेलो. मी बाजेशेजारी बसलो आणि प्रशिक्षणात घोटून घेतलेला प्रश्न अगदी हळुवार आवाजात विचारला. "मावशी, तुमच्या मनात काही भीती असेल तर मोकळेपणानं सांगा."

दारातल्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "आता भीती इचारून राहिला वं डॉक्टर!" आणि अंगणात एकदम रडारड सुरू झाली. मी घाईघाईनं बीपी मोजलं. दोनशेवर एकशे दहा! मागच्या आठवड्यात एकशे तीस होतं हो! मी घाबरून मॅडमना इंग्रजीत सांगितलं. रडणं तिथल्या तिथे थांबलं. डॉक्टर इंग्रजीत बोलला म्हणजे संपलंच, असं सगळ्यांनी धरलं.

पार्वताबाईंनी माझं मनगट पकडलं. "श्याम, खरं सांग बाबू. मी जाऊन राहिली काय?"

"नाही हो मावशी! काही नाही झालं तुमाले."

"मंग कोणाले सांगू काहून नाई देलं? यायनंही तोंड नाई उघडलं सकाळपासून."

खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. चांगली धडधाकट बाई मी माझ्या मार्कांसाठी मरणाला टेकवली होती. त्यात धापा टाकत सहदेव आत आला, हातातल्या पिशवीतून हिरवंगार नवं लुगडं डोकावत होतं. "बाई, हे माहेराचं शेवटचं..." एवढंच म्हणाला आणि खाली बसून रडू लागला.

"सरका, सरका जरा!" दीपमालाचा आवाज. पोलिओचे डोस अर्ध्यावर सोडून धावत आली होती. तिनं मॅडमकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं.

"सर, आज तुमची परीक्षा हाये काय?"

मी मान हलवली. ती अंगणाकडे वळली. "अवो, रडनं बंद करा! पार्वताकाकू कोठीच नाई जाऊन राहिली. परीक्षा डॉक्टरसायबाची हाये, अन् थे नापास होऊन राहिले!"

मग जे हसणं उसळलं! रामराव तोंडावर दुपट्टा धरून हसत होते आणि डोळेही पुसत होते. पार्वताबाई ताडकन उठून बसल्या आणि सहदेवच्या हातातली पिशवी ओढली.

"काहून रे? दहा वर्सं झाले, एका भाऊबीजेले लुगडं नाई आणलं. मरते म्हटलं तं लगेच घेऊन आला?"

"परत नेऊ काय मंग?"

"हात तं लावून पाह्य!"

लोक पांगायला लागले, पण दीपमाला दारात आडवी उभी. "आलेच हा तं बीपी मोजून जा!" मॅडमही पदर खोचून चटईवर बसल्या. साठातल्या चौदा जणांचं बीपी वाढलेलं निघालं, आणि एकालाही पत्ता नव्हता. सगळ्यांत जास्त कौशल्याबाईंचं! माझ्या मागच्या मोफत शिबिराला तीन माणसं आली होती, त्यातलं एक रस्ता विचारायला. पार्वताबाईंचं बीपी दुपारी एकशे चौतीसवर आलं. त्यांनी मला पोटभर शिव्या दिल्या आणि मग बिनसाखरेचा चहा.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मलावीला अकोल्याच्या डॉक्टर आरती गेल्या. पुढच्या तुकडीला शिकवायला मॅडमनी दीपमालाला बोलावलं. आणि माझ्या कागदावर तीन ओळी आल्या. 'रोगनिदान उत्तम. औषधोपचार उत्तम. यांना पेशंटच्या घरी एकटं पाठवू नये.'

तेव्हापासून मी गृहभेटीला निघालो की दीपमाला पुढे चालते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून ती ओरडते, "सर फक्त भेटाले आले बरं! कोणी मरून नाई राहिलं!" आणि मागून मी, बॅग सावरत, मान खाली घालून.