डब्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या ढमढेरे काकू

आमच्या ढमढेरे काकू वॉशिंग मशीनची माफी मागतात. रोज नाही, धुणं अर्ध्यावर असताना ते थांबवावं लागलं तरच. ‘‘माफ करा हं, ह्यांचा एक सदरा राहिलाच होता,’’ असं म्हणून झाकण उघडतात, सदरा आत टाकतात आणि ‘‘चालू द्या आपलं’’ म्हणून बटण दाबतात. मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. इतक्या वर्षांत मला त्यांनी एकदाही ‘आपण’ म्हटलेलं नाही.

फरशी पुसत घरभर फिरणारी ती गोल चकती आहे ना, ती सोफ्याखाली अडकली की काकू वाकून तिला सांगतात, ‘‘अहो, मागे फिरा. तिथं आमच्या सासूबाईंनाही झाडू घालता आला नाही.’’

हे सगळं सुरू झालं ते काकांच्या आजारपणापासून. काका म्हणजे सोमनाथराव ढमढेरे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा जवळजवळ गेलीच. त्यांचा मुलगा नितीन वाघोलीला राहतो. मुलगा गुणाचा आहे, पण समोरच्याचं ऐकून घेणं त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्यानं फर्मान काढलं, ‘‘आई, बास झालं. दोघं आमच्याकडे चला.’’

काकू म्हणाल्या, ‘‘तुझं घर छानच आहे रे. पण तिथं अकराव्या मजल्यावर ह्यांना हाक कोण मारणार?’’

खडकीत काका दिवसभर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बसतात. कारखान्यातले जुने सोबती खालून जाता-येता ‘‘काय ढमढेरे!’’ म्हणून ओरडतात आणि काका डावा हात वर करतात. दिवसाकाठी त्यांचं तेवढंच काय ते बोलणं. ते बंद झालं तर हा माणूस आतून विझेल, ही काकूंना धास्ती होती.

शेवटी मायलेकांत तह झाला. नितीननं यंत्रं बसवून द्यायची, काकूंनी ती शिकायची. महिन्यानं परीक्षा. पास झाल्या तर खडकी, नापास झाल्या तर वाघोली.

काकू इरेला पेटल्या. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना काकांची जीभ दाखवायला शिकल्या. खालच्या वॉचमननं मोबाइलवर ‘पार्सलवाला आलाय’ असं कळवलं की, ‘‘पाठवा, पण चपला बाहेर काढायला सांगा,’’ असं इथूनच बजावू लागल्या. मी बँकेत संगणकापुढे केस पांढरे केले, पण आमच्या घरी टीव्हीची वेळ लावायला त्या येतात. आल्या की रिमोटकडे बघून म्हणतात, ‘‘काय छळ मांडलाय हो तुमचा ह्यांनी!’’

राहता राहिला बोलका डबा. त्याला सांगितलं की तो वेळ सांगतो, आठवण करतो, फोन लावतो. पण त्याचं मूळचं इंग्रजी नाव काकूंच्या जिभेवर बसेना. नितीननं खटपट करून त्याला ‘अहो’ या हाकेला ओ द्यायला शिकवलं. आता पुण्यात दर दुसरं वाक्य ‘अहो’नं सुरू होतं, हे त्या पोराच्या ध्यानातच आलं नाही. मी दारातून ‘‘अहो काकू’’ म्हटलं की आधी डबाच खेकसायचा, ‘‘हो, सांगा!’’

एकदा मी वैतागून म्हटलं, ‘‘काकू, याची हाक बदलून घ्या ना.’’

त्या काकांसाठी भात मऊ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘असू दे. झटक्याच्या आधी मी ‘अहो’ म्हटलं की गॅलरीतून ‘हं’ यायचं. आता सवयीनं तोंडातून निघतं आणि उत्तरच येत नाही. फार वाईट वाटतं हो. निदान हा तरी ‘सांगा’ म्हणतो.’’

मी चहा पिऊन घरी आलो आणि त्या दिवसापासून दारातून नुसतं ‘‘काकू’’ म्हणू लागलो.

खरी पंचाईत पुढे होती. काकूंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव सरळ कधी घेतलेलं नाही. नुसतं नाव नव्हे, त्या नावाचा वारही त्या उच्चारत नाहीत. सोमवार त्यांच्या लेखी ‘शंकराचा वार’. काकांना व्यायाम द्यायला माणूस यायचा नेमका सोमवारी. काकूंनी डब्याला फर्मावलं, ‘‘अहो, शंकराच्या वारी दहाला आठवण करा.’’ डब्यानं तत्काळ शंकराची आरती लावली. आरती मध्येच बंद कशी करणार? काकू हात जोडून उभ्या. मग त्यांनी डोकं लढवलं, ‘‘रविवारच्या दुसऱ्या दिवशी.’’

‘‘सोमवारी सकाळी दहा वाजता आठवण करतो,’’ डबा बिनदिक्कत म्हणाला. काकू चक्क लाजल्या.

आणि नितीननं काय करावं? अडचणीच्या वेळी डब्याला म्हणायचं वाक्य भरलं, ‘सोमनाथरावांना मदत हवी’. ते म्हटलं की नितीनचा आणि माझा फोन एकदम वाजणार. मी म्हटलं, ‘‘काकू, दोन मिनिटांत वाक्य बदलून देतो.’’ तर ताडकन म्हणाल्या, ‘‘मुळीच नाही. पेपर कठीण आहे म्हणून बदलून मागायचा? मग तो म्हणेल, बघा, आईला जमलं नाही.’’

परीक्षेच्या रविवारी नितीन सकाळीच हजर झाला. मीही जाऊन बसलो. आमंत्रण कोणी दिलं नव्हतं. मशीन झालं, चकती झाली, डॉक्टरांचा कॉल झाला. काकू एकेक गड सर करत होत्या आणि काका चाकांच्या खुर्चीतून टुकूटुकू बघत होते. नितीन म्हणाला, ‘‘आता शेवटचं. बाबा पडलेत असं समज.’’

‘‘अहो, ह्यांना मदत हवी,’’ काकू म्हणाल्या.

‘‘कोणाला मदत हवी?’’ डब्यानं विचारलं.

‘‘घरातल्यांना.’’

‘‘माफ करा, मला समजलं नाही.’’

‘‘आई, नुसतं नाव घ्यायचंय,’’ नितीन म्हणाला. ‘‘खरंच बाबा पडले तर अशीच अडून बसशील? म्हणूनच म्हणतो, चला वाघोलीला.’’

काकूंचा चेहरा उतरला. काकांनी गॅलरीकडे मान वळवली. ते काकूंनी पाहिलं आणि ताठ उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हळदीकुंकवाला उभ्या असल्यासारखा घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

‘‘अहो! कपडे धुतं मशीन आणि कुकर करतो भात,
सोमनाथरावांना मदत हवी, लवकर द्या हो हात!’’

नितीनच्या खिशात फोन वाजला. माझ्याही वाजला. मी तर टाळ्याच पिटल्या. नितीन आधी भांबावला, मग हसत सुटला, मग आईच्या गळ्यात पडला. ‘‘पास, आई, पास! इथंच राहा, मी काही बोलत नाही.’’

‘‘बोलूच नकोस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पेढे आण.’’

तेवढ्यात काकांनी डाव्या हातानं काकूंचा पदर ओढला. तोंड वाकडं होत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ‘‘प... परत,’’ ते म्हणाले.

‘‘इश्श! पोरगा समोर आहे.’’

‘‘परत.’’

त्यांना नावानं हाक मारणारी माणसं, आई-वडील, थोरला भाऊ, सगळी केव्हाच गेली होती. ते आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काकूंच्या आलं असावं. त्या खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसल्या. आमचे फोन अजून वाजतच होते. ना यमक, ना राव. अगदी हळू म्हणाल्या, ‘‘सोमनाथ.’’

‘‘ओ,’’ काका म्हणाले.