दत्तू मिस्त्रीचा तळवा

दत्तू मिस्त्री माणसाला नमस्कार करत नाही. आधी वाकून गाडीखाली हात घालतो, मागच्या डिफरन्शियलच्या झाकणावर तळवा टेकतो, डोळे मिटतो, आणि म्हणतो, "बुखार आहे." नाहीतर, "बुखार नाही." मग तुमच्याकडे बघतो. तुम्हाला ताप असेल तर तो तुमचा तुम्ही बघा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोळा असतो, ते डिफरन्शियल. त्याला मागून झाकण, झाकणाला बोल्ट, आत गिअरचं तेल. आम्ही त्याला नव्वद नंबर म्हणतो. माझी टोचनची गाडी. म्हणजे दुसऱ्याची बंद पडलेली गाडी ओढून न्यायची. ओढताना सगळा भार त्या गोळ्यावर येतो. तेल तापतं, पातळ होतं, मग आतले दाते झिजतात. मी चौथी शिकलोय, त्यात हे नव्हतं. हे दत्तूने शिकवलं.

त्याचं गॅरेज भोपाळात, अवधपुरीत माझ्या घराला लागून. वडील उज्जैनचे, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदी. लग्न केलं नाही. आमच्या हिने एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "वहिनी, फुरसतच नाही मिळाली." त्या वेळी गॅरेजात एकही गाडी नव्हती.

झाकणाच्या बाबतीत त्याला चेष्टा चालत नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या जीपखाली हा नव्या कपड्यांत आडवा झाला. बुखार आहे म्हणाला, आणि गाडी गार होईपर्यंत वरात पुढे जाऊ दिली नाही. बँडवाले वाजवून दमले, घोटभर पाणी प्यायले, परत वाजवून दमले. भाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही. दत्तूचं म्हणणं एकच. "झाकण झूठ बोलत नाही, दादा. मग मी कशाला बोलू?"

कोलार रोडवरचा एक टोचनवाला ॲल्युमिनियमचं झाकण मागवून, बसवून घेऊन आला. चकचकीत, पाठीवर कंगव्यासारख्या पट्ट्या. याने तेल थंड राहतं म्हणाला. दत्तूने तळवा टेकला, बराच वेळ ठेवला.

"टोपडं छान आहे," म्हणाला. "आत तेल पण घाल."

आमची ही त्याला रोज संध्याकाळी मीठ घातलेला भोपाळी चहा द्यायची. त्याच्या हाताला नव्वद नंबरचा वास, नासक्या अंड्यासारखा. तो कपालाही लागायचा. हिने तोंडावर सांगितलं, तुमचा कप वेगळा ठेवलाय, राग मानू नका. त्याने राग मानला नाही. चुकून दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून स्वतःच कपावर लाल रंगाचा ठिपका दिला.

ही आजारी पडली तेव्हा तो रोज फाटकापाशी येऊन उभा राहायचा. वासाचे हात पाठीमागे धरून. आत ये म्हटलं तरी येत नसे. विचारायचा, "बुखार?" मी आत जाऊन हिच्या कपाळाला हात लावायचो आणि बाहेर येऊन सांगायचो. आहे. नाही. आहे. एका संध्याकाळी बाहेर आलो आणि काहीच सांगितलं नाही. तो तिथेच खाली बसला.

त्यानंतर मी गाडी काढली नाही. नाशिकची मुलगी म्हणाली, बाबा, गाडी विका आणि इकडे या. मी दत्तूला सांगितलं, गाडी गेली की मी निघालो. तो म्हणाला, "हो, निघा."

पहिलं गिऱ्हाईक सीहोरचं. दत्तूने तळवा टेकला. बुखार आहे. गिऱ्हाईक गेलं. दत्तूने जुनं तेल काढून नवं भरलं. दुसरं विदिशाचं. परत बुखार. तेही गेलं. एवढं तेल या गाडीने चालती असताना प्यालं नव्हतं.

तिसरं चलाख निघालं. त्याने दत्तूचं ऐकून घेतलं, चाकाभोवती उगवलेलं गवत बघितलं आणि मला विचारलं, "बाबा, ये गाडी चली कब थी?"

मी म्हणालो, बायको गेली तेव्हापासून उभी आहे.

त्याने दत्तूकडे बघितलं. उभ्या गाडीला ताप येत नाही, हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. दत्तूने हात काढला नाही. डोळेही उघडले नाहीत. नुसता वाकून राहिला, कानापर्यंत लाल.

मी गुडघे धरत खाली बसलो आणि त्याच्या हाताशेजारी माझा हात टेकला. झाकण गार होतं. असं गार माझ्या हाताला ओळखीचं आहे.

"बुखार आहे," मी म्हणालो.

गिऱ्हाईक आम्हा दोघांना काहीतरी पुटपुटत निघून गेलं. दत्तू उठला, तळवा पँटला पुसला. म्हणाला, "तेल बदलावं लागेल, दादा."

"बदल," म्हटलं.

आत जाऊन मुलीला फोन लावला, गाडी आजारी आहे म्हणून सांगितलं. मग चहा ठेवला. लाल ठिपक्याचा कप ही कुठे ठेवायची, ते शोधण्यात चहा उतू गेला. दुसरा ठेवला.