तिसऱ्या ओढ्याचं नाव

मोघेकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, नोकरी तर नाहीच नाही. "तुमची नदी कोणती?" एवढंच विचारतात. मी इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये उभी असताना मलाही विचारलं. मी म्हटलं, "मुठा." त्यावर काका असे हळहळले, की माझ्या घरी कोणी आजारी आहे असं वाटावं. "अरेरे! बरं, असो. तुझा काय दोष?"

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू दोन वर्षांपूर्वी पुण्यात वारल्या, तेव्हा इथे आयटीत असलेल्या मुलाने, समीरने, त्यांना आपल्याकडे आणलं. समीर सकाळी आठला बाहेर पडतो तो जेवायच्या वेळेला उगवतो. मधला सगळा दिवस काकांचा. जपानी येतं ते तीन शब्द, "कावा वा दोको?" म्हणजे नदी कुठे आहे? तेवढ्या भांडवलावर या गृहस्थाने अख्खी वसाहत पालथी घातली. कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, बिचाऱ्या मुलीने काम सोडून बाहेर येऊन त्यांना जवळच्या अराकावा नदीचा रस्ता दाखवला. आता अराकावा काकांनी रोज पाहिलेली! पण मुलीचं मन मोडायला नको म्हणून दाखवलेल्या दिशेने निमूट चालत गेले.

आमच्या इमारतीचे व्यवस्थापक सातो-सान हे मुलखाचे अबोल. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी कोणी काच टाकली, तर पिशवी त्याच्या दारात परत ठेवतील, पण शब्द बोलणार नाहीत. काकांनी त्यांना प्रश्न टाकला आणि काय सांगू, सातो-साननी हातातला पोछा बादलीत बुडवला आणि सिमेंटच्या फरशीवर नदी काढली! होक्काइदोच्या पार उत्तरेला, डोंगरात उगम, तिथून उत्तरेकडेच वाहत जाणारी, वर्षातले पाच महिने बर्फाखाली. ही त्यांच्या गावची नदी. फरशी वाळेपर्यंत दोघे शेजारी शेजारी उकिडवे बसून ती बघत होते.

झालं! काकांनी त्या डोंगराचा मोठा नकाशा मागवला आणि जिथे टीव्ही लागायचा होता त्या भिंतीवर चिकटवला. मग शिवणाचा पांढरा दोरा थुंकी लावून प्रत्येक वळणावर बसवायचा आणि ताणून पट्टीवर मोजायचा, हा उद्योग. खात्यात अशाच नद्या मोजल्या म्हणे. मी म्हटलं, "काका, फोनवर एका मिनिटात लांबी कळते."

"फोन सांगेल गं. पण दोरा खोटं बोलत नाही."

मोजता मोजता ते डाव्या बाजूच्या एका ओढ्यापाशी आले आणि तिथेच अडले. मला बोलावून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं, "सान-नो-सावा. म्हणजे तिसरा ओढा."

"आणि नाव?"

"हेच नाव, काका."

"हॅ! नंबर कैद्याला देतात, पाण्याला नाही."

त्या दिवसापासून या माणसाला चैन नाही. सातो-सानना विचारलं. मी दुभाषी. ते म्हणाले, तिकडे आधीपासून राहणाऱ्या आइनू लोकांनी नद्यांना नावं दिलेली, नकाशा करणाऱ्यांनी लहानसहान ओढ्यांवर पुढे नुसते आकडे टाकले. त्या ओढ्यालाही नाव होतं. त्यांची आजी ते घ्यायची. आता आठवत नाही.

"आठवा म्हणावं!" काका ओरडले. समीरचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं, मग दोघे परत पुण्याला, म्हणजे काकांच्या हाताशी जेमतेम तीन महिने होते. मग गावच्या कचेरीला पत्र लिहायचं ठरलं. काका मराठीत सांगणार, मी जपानीत लिहिणार. जुनं नाव कळवावं, एवढीच विनंती.

पण इथे मी शहाणपणा केला. मला वाटलं, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेला माणूस एका बिननावाच्या ओढ्यासाठी इतका जीव टाकतोय, याचा अर्थ काय तो उघड आहे. समीरलाही तसंच वाटत होतं. म्हणून शेवटी एक ओळ मी पदरची घातली. जुनं नाव न सापडल्यास, या गृहस्थांच्या दिवंगत पत्नीचं 'सुलभा' हे नाव त्या ओढ्याला शोभेल. काकांना सांगितलं नाही. म्हटलं, गंमत होईल.

फेब्रुवारीत उत्तर आलं. मी धावतच खाली गेले. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना नाव आठवत होतं. पोन-नाय. अर्थ, छोटा ओढा.

"छोटा ओढा!" काका खुर्चीवरून उठले. "बघ! बघितलंस? साधं, पण त्याचं स्वतःचं!"

मी म्हटलं, "थांबा, पुढे ऐका." पत्रात लिहिलं होतं, की इतक्या दूरच्या माणसाची ही माया पाहून गावाला भरून आलं. जुनं नाव आता कोणी वापरत नाही, तेव्हा बर्फ वितळल्यावर ओढ्याकाठी लाकडी फलक लावून त्यावर 'सुलभा' लिहू. आपली परवानगी असावी.

काका खाली बसले. मला वाटलं, आनंद झाला. चेहरा पाहिला, तर तसं काही नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. चुकलं का, काका?"

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "सुलभा मी ठेवलेलं नाव, मृणाल. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं. तिचं नाव गोदावरी. पैठणचा जन्म ना! मला जुनाट वाटलं. इंजिनिअरची बायको गोदावरी? मी विचारलंसुद्धा नाही तिला. आणि तीही कधी काही बोलली नाही."

काकांनी मांडीवरच्या पत्राची घडी घातली.

"शेवटी दवाखान्यात दोन दिवस उशाशी बसून हाका मारतोय, सुलभा, सुलभा. डोळे उघडेना. मग तिचा भाऊ आला. दारातूनच म्हणाला, गोदे. उघडले की गं लगेच."

मला रडू आलं. काका रडले नाहीत. नाकावरचा चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कागद घे. उत्तर लिहू."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आपले फार उपकार आहेत. फलकावर पोन-नाय असंच लिहावं, दुसरं काही नको. त्या आजीबाईंना माझा नमस्कार सांगावा. एवढं झाल्यावर थांबले. मग म्हणाले, "आणि असं लिही. माझ्या पत्नीचं नाव गोदावरी होतं. मागच्या पत्रात चुकीचं गेलं, क्षमा असावी."

मी लिहिलं.

"वाच."

मी सगळं पत्र वाचून दाखवलं, जपानीत. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, कळला तो तेवढा एक शब्द.

"तिचं नाव आलं ते परत वाच," काका म्हणाले.

मी वाचलं.

"परत एकदा."