साहेबांना पसंत पडलेलं इंजिन

इंजिन चालू होत नव्हतं, आणि तेही नेमकं तपासणीच्या दिवशी. मिस्तरी लाँचच्या पोटात उकिडवा बसून चावी फिरवत होता. स्टार्टर गर्र गर्र करायचा, पण इंजिन काही हूं की चूं करायला तयार नव्हतं. एरवी हेच इंजिन असं बोंबलायचं की लाँच निघाल्याचं अर्ध्या गावाला घरबसल्या कळायचं.

गेल्या दोन्ही तपासण्यांत साहेबांनी लाँच नापास केली होती. एकदा धुरापायी, एकदा आवाज आणि थरथरीपायी. साहेब स्वतः कधी इंजिनाजवळ उतरले नाहीत, कारण पॅंट पांढरी. नदी ओलांडेपर्यंत ते वर बाकावर बसून फोनवर बायकोशी बोलत, आणि तिचं बोलणं ऐकू आलं नाही की इंजिनाला नावं ठेवत. आता डिझेलचं इंजिन आवाज करणार नाही तर काय अंगाई गाणार? पण हे साहेबाला सांगणार कोण? "तिसऱ्यांदा नापास झाली तर लाँच पाण्याबाहेर," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे मिस्तरी आणि त्याचा मेहुणा, दोघांच्याही पोटावर पाय.

मिस्तरीने बॅटरीच्या वायरी घासल्या. टाकीत काठी घालून डिझेल पाहिलं. भरपूर होतं. टाकीचा कॉक उघडाच होता. शेवटी त्याने डिझेलच्या पाइपाचा नट सैल केला, तर आतून नुसता फेस आला.

"लाइनीत हवा शिरलीय," तो वर तोंड करून म्हणाला. "फिल्टर कोणी खोलला होता?"

सुकाणूपाशी उभ्या मेहुण्याने खाली डोकावलं. "मी. काल नवा टाकला. म्हटलं, धूर कमी होईल."

"आणि मग हवा कोणी काढायची? तुझ्या बापानं?"

"बापाला मध्ये आणू नका, भाऊजी. तुमचे सासरे आहेत ते."

मिस्तरीने दात-ओठ खाल्ले. "मला थोडा वेळ लागेल. साहेब आले तर त्यांना बोलण्यात गुंतव. काहीही झालं तरी दोर सोडू नकोस."

साहेब आले ते फोन कानाला लावूनच. त्यांना बोलण्यात गुंतवायला बायको समर्थ होती. ते बाकावर टेकले, आणि एवढा वेळ काय लावलाय म्हणून त्यांनी मेहुण्याकडे असे डोळे वटारले की त्या शहाण्याने घाबरून दोर सोडून दिला.

"भाऊजी," तो खाली वाकून कुजबुजला, "आपण निघालो."

"कशावर?"

"पाण्याच्या ओढीवर."

मिस्तरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायची सोय नव्हती, वर साहेब होते. पलीकडचा धक्का खालच्या अंगाला होता आणि नदीची ओढ त्याच बाजूला, एवढंच काय ते नशीब. मेहुणा बांबू टेकत लाँच सांभाळू लागला. खाली मिस्तरी लाइनीतली हवा काढायला इंजिनाचा हातपंप दाबत मेहुण्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत होता.

"हो गं, आज अगदी स्वच्छ ऐकू येतंय," वरून साहेब बोलत होते. "नाही, लाँचमध्येच आहे. आईशप्पथ."

लाँच पलीकडच्या धक्क्याला अलगद टेकली. साहेबांनी फोन खिशात टाकला आणि मिस्तरीला वर बोलावलं. तो डिझेलने माखलेले हात पुसत आला, चेहरा पडलेला.

"वा," साहेब म्हणाले. "आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. इंजिन असावं तर असं. मागच्या वेळी काय तो खटारा होता."

खटारा हा शब्द मिस्तरीच्या काळजाला लागला. ज्याची पोराबाळांपेक्षा जास्त उस्तवार केली, ते इंजिन चालत होतं तेव्हा नापास, आणि आज मढ्यासारखं पडलंय तर त्याचं कौतुक? मेहुणा त्याच्या पायावर पाय देत होता, तरी त्याला राहवलं नाही.

"साहेब, इंजिन बंद आहे."

साहेबांनी जरा विचार केला. "आवाज आला का?"

"नाही."

"धूर?"

"नाही."

"थरथर?"

"बंद इंजिन कशाला थरथरेल, साहेब?"

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"पण चालू न करता पास कसं काय?"

"नापास करू?"

"नको," मेहुणाच मध्ये बोलला.

साहेबांनी शिक्का मारून कागद मिस्तरीच्या हातात दिला. "पुढच्या तपासणीपर्यंत इंजिन याच स्थितीत ठेवायचं. तसूभर फरक चालणार नाही. मी संध्याकाळी याच लाँचने परत येतोय," असं म्हणून ते फोन काढत धक्क्याच्या पायऱ्या चढू लागले.

मेहुण्याला आनंद मावेना. त्या भरात त्याने खाली उतरून चावी फिरवली. हवा निघून गेली होतीच. इंजिनाने एक आचका दिला, काळ्या धुराचा लोट सोडला आणि असं काही गरजलं की पायऱ्यासुद्धा थरथरल्या. फोन कानाला लावलेले साहेब वरच्या पायरीवर थबकले आणि हळूहळू मागे वळायला लागले.

सकाळपासून ज्या आवाजासाठी जीव टांगणीला लागला होता, तो ऐकून मिस्तरी चावीकडे धावला.

"बंद कर, गाढवा," तो ओरडला, "पास झालंय ते."