एकही पाकीट न हरवणारी चिप

एका जंगलात, मुलांनो, नदी न सांगता वर यायची. म्हणून गवाराजांनी पुराचा अंदाज सांगणारा संगणक बसवला. एकट्या संगणकाला एवढा हिशेब झेपेना. मग झाडाझाडावर छोटे संगणक ठेवून ते वेलींनी एकमेकांना जोडले.

आता एकाचं उत्तर दुसऱ्याला हवं. ते पाकिटात घालून वेलीवरून धाडायचं. वेली जिथे मिळतात तिथे नखाएवढी चिप. तिने पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य वेलीवर ढकलायचं. पुढच्या चिपमध्ये जागा नसेल तर पाकीट पोटाशी धरून थांबायचं.

ही चिप तयार करायचं काम यमुना खारीकडे आलं. तिने चार चिपा गोल जोडून पाहिल्या. थोडा वेळ छान चाललं. मग सगळं गप्प झालं. पहिली चिप दुसरीत जागा होण्याची वाट बघत होती, दुसरी तिसरीत, तिसरी चौथीत आणि चौथी पहिलीत. बिघाड कुठेच नव्हता. सगळ्या शहाण्यासारख्या थांबल्या होत्या.

यमुनेने शेपटी कुरतडत तोड काढली. कोंडी झाली की एका चिपने आपलं पाकीट टाकून द्यायचं. वाट मोकळी होईल, आणि ज्याचं गेलं तो ते पुन्हा पाठवील.

प्रधान तरसराव हादरले. महाराजांचं पाकीट टाकायचं म्हणजे काय? समिती बसली. एकही पाकीट हरवता कामा नये, असं ठरलं.

"अहो, मग ती पोचणारच नाहीत," यमुना म्हणाली.

"पोचण्याचं नंतर बघू," तरसराव म्हणाले. "आधी हरवायला नकोत."

यमुना घरी जाऊन रडली. चिपा तशाच बसल्या.

श्रावणात नदी फुगली. संगणकांनी अचूक हिशेब केला आणि टेकडीवर पळा, असा निरोप धाडला. तो दरबाराजवळच्या चार चिपांत अडकला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा राजांनी काही निरोप आहे का, असं विचारलं.

"निरोप नाही, महाराज. म्हणजे पूर नाही," तरसराव म्हणाले. तोवर पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं.

यमुना वेलींवरून धावत आली. एका चिपमधलं पाकीट तिने दातांनी ओढून नदीत फेकलं. कोंडी फुटली, धडाधड निरोप पोचले, आणि सगळं जंगल टेकडीवर पळालं. पिल्लूसुद्धा मागे राहिलं नाही.

टेकडीवर अंग झटकून समिती पुन्हा बसली. पाकिटांत एक कमी भरलं. यमुनेला कामावरून काढलं.

तात्पर्य : बुडायचं तर खुशाल बुडावं, पण काही हरवू देऊ नये.